नवव्या पाळीतला हिट

"हे किती वेळ चालायचं गं?" आक्कांनी विचारलं.

मी सासूबाईंना छपराखालच्या सावलीतल्या बाकावर बसवत होते. ऑगस्टातला शेवटचा रविवार, दुपारी दीडची वेळ. लाकूड तापलं होतं म्हणून चादरीची चौघडी करून त्यांच्या खाली घातली. त्या सांगलीहून येऊन अडीच महिने झाले होते आणि बेसबॉलच्या मैदानावर त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"अडीच तास. कधी तीनही होतात."

"आणि तू कुठं बसणार?"

मी वर बोट केलं. छपराच्या पोटाशी फळ्यांची एक खोली टांगल्यासारखी होती. तिला एकच लांब खिडकी, बिनकाचेची. "तिथं. तिथून सगळं मैदान दिसतं."

"तिथं दुसऱ्या बायका हायत का?"

"नाहीत."

आक्कांनी थोडा वेळ त्या खोलीकडे पाहिलं. "मग पदर नीट खोच," त्या म्हणाल्या, "आणि जिन्यानं जपून जा."

ही १९७४ सालची गोष्ट. ओहायोमधलं हॅरोबर्ग हे काचेच्या कारखान्याचं गाव. माझे यजमान, भूपाल मगदूम, तिथे भट्टीवर इंजिनियर होते. गावाला एकच अभिमानाची गोष्ट होती, ती म्हणजे हॅरोबर्ग मिलर्स हा बेसबॉलचा संघ. पगारी खेळाडूंचा संघ, पण खालच्या लीगमधला. इथे नाव काढलं तर वरची लीग बोलावते, नाही काढलं तर दोन-तीन वर्षांत घरी जायचं. कारखान्यातल्या लोकांना तिकिटं मिळायची, म्हणून आम्हीही जायला लागलो.

माझे वडील सांगलीत चित्रकलेचे शिक्षक होते आणि गावातल्या क्रिकेट क्लबाचे स्कोअरर. वयाच्या नवव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी बसून वही भरत असे. त्यामुळे बेसबॉल कळायच्या आधीच मी माझ्या पद्धतीने त्याची वही लिहायला लागले होते. मिस्टर पार्डी म्हणून शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ संघाचे अधिकृत स्कोअरर होते. एकदा त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून ती वही बघितली आणि मला वर बोलावलं. दोन हंगाम मी त्यांच्या बाजूला बसले. त्या जूनमध्ये मोतीबिंदूमुळे त्यांना चेंडू दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनीच संघाच्या मॅनेजरला सांगितलं, की काम हिला द्या, नाहीतर बंद करा.

मॅनेजर लॉइड हेंड्रिक्स यांनी चार दिवस विचार केला आणि दुसरं कोणी मिळेना म्हणून मला दिलं. पहिल्या आठवड्यात लोक मान वर करून साडीकडे बघायचे. मग सवय झाली.

आता या कामात एक गोष्ट अशी असते, जी क्रिकेटच्या स्कोअररला कधी करावी लागत नाही. फलंदाजाने चेंडू मारला आणि तो धावत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर पोचला, तर ते त्याने स्वतःच्या फटक्याने मिळवलं, की समोरच्या क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे त्याला मिळालं, हे स्कोअररने ठरवायचं असतं. पहिलं असेल तर हिट, दुसरं असेल तर एरर. पंच यात पडत नाहीत. नियमात एवढंच म्हटलंय, की साधारण खेळाडूला साधारण प्रयत्नात तो चेंडू घेता आला असता का, ते बघा. हा एक शब्द खेळाडूच्या नावापुढे कायमचा राहतो. वरच्या लीगमधली माणसं तेच कागद वाचून कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, ते ठरवतात.

आमच्या संघात पिचर होता वॉल्ट ड्रेसलर. पिचर म्हणजे गोलंदाज समजा. वय अडतीस, इतर सगळे त्याच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तो हॅरोबर्गचाच. वरच्या लीगमध्ये तो एकदा सात आठवडे खेळून आला होता. मग गुडघा गेला आणि तो परतला तो कायमचाच. हिवाळ्यात कारखान्यात काचा खोक्यांत भरायचा आणि उन्हाळ्यात चेंडू टाकायचा. वीस वर्षं हेच चाललं होतं.

माझ्याशी तो एकदाच बोलला होता. जुलैमध्ये मी त्याच्या नावावर एक वाइल्ड पिच लिहिला, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणाऱ्याला पकडताच येणार नाही असा भरकटलेला चेंडू. सामना संपल्यावर तो जिना चढून वर आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "तो पकडणाऱ्यानं सोडला. माझ्या नावावर कसा?"

मी वहीत चेंडू कुठे पडला ते खूण करून ठेवलं होतं. ते दाखवलं. "पकडणाऱ्याच्या अलीकडे एक हात मातीत पडला. तो कसा पकडणार?"

त्याने खूण बघितली, मला बघितलं, आणि खाली गेला. शेजारी बसणारा बिल, जो माइकवरून नावं पुकारायचा, मला म्हणाला, "वॉल्टशी जरा जपून. गाव त्याच्या बाजूचं असतं."

त्या रविवारचा सामना मिलर्सचा शेवटचा सामना होता. हंगामातला शेवटचा नव्हे, अगदीच शेवटचा. संघ बंद होणार होता, मैदान सुपरमार्केटसाठी विकलं गेलं होतं. गावात दहा-अकरा हजार माणसं, त्यातली चार हजार मैदानावर आली होती. आणि चेंडू वॉल्टच्या हातात होता.

पहिल्या तीन पाळ्यांत समोरच्या संघाचा एकही माणूस बेसवर पोचला नाही. चौथीत एक पोचला, पण आमच्या माणसाने चेंडू भलतीकडेच फेकल्यामुळे. मी एरर दिला आणि कोणीच काही म्हटलं नाही, कारण ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पाचवी पाळी गेली, सहावी गेली. आमच्या संघाने कशीबशी एक धाव काढली. सातव्या पाळीनंतर बिल बोलायचा थांबला. खाली लोकही बोलायचे थांबले होते.

नऊच्या नऊ पाळ्यांत पिचरने एकही हिट दिला नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. बाकीच्यांच्या किंवा त्याच्या स्वतःच्या चुका झाल्या तरी चालतात, हिट मात्र एकही नको. चांगल्या चांगल्या पिचरांचं आयुष्य जातं आणि हे होत नाही. वॉल्टच्याही वीस वर्षांत झालं नव्हतं. आणि ते होण्याआधी त्याचं नाव काढायचं नाही, असा त्या लोकांचा रिवाज. म्हणून चार हजार माणसं गप्प बसली होती.

आठवी पाळी संपली. मी खिडकीतून खाली बघितलं. यजमान आक्कांना काहीतरी समजावत होते. त्यांच्या एका बाजूला भट्टीवरचा फोरमन आपल्या घरच्यांसह बसला होता, मागच्या दोन रांगा कारखान्यातल्याच. आक्का पुढे सरकून बसल्या होत्या.

नवव्या पाळीत पहिला फलंदाज उंच चेंडू मारून झेलबाद झाला. दुसऱ्याला वॉल्टने तीन चेंडूंत परत पाठवलं. तीन बाद झाले की पाळी संपते. आता एक उरला.

तो फलंदाज डावखुरा होता, अंगाने बारीक आणि पळायला फार वेगवान. त्याने दुसराच चेंडू सरळ वॉल्टच्या दिशेने मारला. जोरात, जमिनीलगत. मी बरोबर फलंदाजाच्या मागे, उंचावर होते, त्यामुळे चेंडू माझ्यापासून दूर जाताना मला एका रेषेत दिसला. पिचर उभा राहतो तिथे मातीचा उंचवटा असतो आणि त्याच्या पुढे हिरवळ संपते. त्या कडेवर चेंडूचा टप्पा पडला आणि तिथून तो एकाएकी उसळला. वॉल्टचा हात खाली, कमरेपाशी तयार होता. त्याने तो वर उचलला. चेंडू हातमोज्याच्या टोकाला लागला, वर उडाला आणि त्याच्या मागे पडला. मागचा खेळाडू धावत आला, त्याने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला. फलंदाज एका पावलाने आधी पोचला.

चार हजार माणसांनी धावफलकाकडे मान वळवली. तिथे दोन अक्षरांचे दिवे होते, एक हिटचा आणि एक एररचा. कुठला लावायचा, ते बिल माझ्याकडून ऐकून खटका दाबायचा.

बाजूच्या बाकांवरून काय दिसलं असेल, ते मला कळत होतं. तिथून टप्पा दिसत नाही. तिथून एवढंच दिसलं असणार, की चेंडू सरळ वॉल्टकडे आला, हातमोज्यात बसला आणि निसटून पडला.

"एरर ना?" बिल हळूच म्हणाला. त्याचं बोट खटक्यावर होतं.

"हिट," मी म्हणाले.

"परत सांगा."

"हिट, बिल."

त्याने माझ्याकडे बघत दुसरा खटका दाबला.

मग आवाज आला तो एखाद्या कोपऱ्यातून नाही, सगळीकडून एकदम आला. दात-ओठ खाऊन काढलेला लांब हुंकार. पहिल्या रांगांतली माणसं उठून आमच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कोणीतरी कागदी पेला फेकला, तो खालीच छपराच्या खांबाला लागला. मी वहीत आकडा लिहिला. लिहिताना अक्षर बिघडू नये एवढाच विचार डोक्यात होता.

वॉल्टने धावफलकाकडे एकदा बघितलं. मग चेंडू मागून घेतला, हाताला माती लावली आणि पुढच्या फलंदाजाला टाकायला उभा राहिला. त्याने त्याला चार चेंडूंत बाद केलं. मिलर्स एक शून्याने जिंकले. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि त्या थांबताच परत आमच्या खिडकीकडे वळले. कोणी घरी जायला निघेना.

हेंड्रिक्स जिना चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ते वाईट माणूस नव्हते. उभ्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या कामात तोंड घातलं नव्हतं.

"मिसेस मॅग्डम," ते म्हणाले, "कागद अजून गेलेला नाही. चोवीस तासांत तुम्हाला निर्णय बदलता येतो. नियमातच आहे."

"माहीत आहे."

"मग बदला. खाली बघा जरा. या गावाजवळ उद्यापासून काही राहणार नाही. मैदान नाही, संघ नाही. एवढी एक गोष्ट त्यांना घेऊन जाऊ द्या."

"चेंडू उसळला, मिस्टर हेंड्रिक्स. कडेवर टप्पा पडून उसळला."

"कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

"बिल, तू पाहिलंस?"

बिल म्हणाला, की त्याचं लक्ष पहिल्या बेसकडे होतं. ते खरंही असेल.

"म्हणजे चार हजारांत तुम्ही एकट्या," हेंड्रिक्स म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. "मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. माणसाचा डोळा आहे, चुकू शकतो, एवढंच म्हणतोय. पार्डींनी काय केलं असतं, विचार करा."

मला पार्डींनी काय केलं असतं ते ठाऊक नव्हतं. खाली यजमान उभे होते. फोरमनचं कुटुंब त्यांच्यापासून जरा सरकून बसलेलं दिसत होतं. उद्या सोमवार, भट्टीवर त्यांना याच लोकांत उभं राहायचं होतं. ते वर माझ्याकडे बघत होते, पण त्यांनी हात हलवला नाही की खूण केली नाही. नुसते उभे राहिले.

तेव्हा मी एक वाक्य बोलून गेले. ते बोलायला नको होतं, असं मला तोंडातून निघताक्षणीच वाटलं.

"माझ्याहून जवळ एकच माणूस होता," मी म्हणाले. "वॉल्टला विचारा. चेंडू सरळ आला आणि त्याच्या हातून सुटला, असं तो म्हणाला तर मी एरर लिहीन."

हेंड्रिक्स यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी ताबडतोब खाली माणूस पाठवला.

वॉल्टला यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी वहीकडे बघत बसले. मी स्वतः दार उघडून दिलं होतं. तो त्यातून चालत गेला, तर त्याला दोष देता येणार नव्हता. कोणीही गेलं असतं. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते फक्त एका वाक्यावर आलं होतं. ते वाक्य त्याने म्हटलं, की मला एरर लिहावाच लागला असता, आणि तो खोटा आहे हे जगात दोघांनाच माहीत असतं.

तो आला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, उजव्या कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली. जिना चढताना तो एक पाय ओढत होता, ते मी पहिल्यांदाच बघितलं. मैदानावर ते कळायचं नाही.

"वॉल्ट," हेंड्रिक्स म्हणाले, "बाई म्हणतात, तू सांगशील तसं लिहितील. चेंडू तुझ्या हातून सुटला. एवढंच सांग, की संपलं."

वॉल्ट माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"तुम्हाला इथून काय दिसलं?"

"हिरवळीच्या कडेवर टप्पा पडला," मी म्हणाले. "तुमच्या कमरेशी यायला हवा होता. तो उसळून छातीशी आला."

"खांद्याशी."

"मला छातीशी दिसला."

"खांद्याशी आला," तो म्हणाला, आणि आपल्या डाव्या खांद्याला बोट लावून दाखवलं. "इथं. आणि आतल्या बाजूला वळला."

"वॉल्ट," हेंड्रिक्स म्हणाले.

"थांब, लॉइड." त्याने बर्फाची पिशवी सोडून टेबलाच्या कडेला ठेवली. मग मला विचारलं, "माझ्या जागी दुसरा असता तर? वीस वर्षांचा, दोन्ही गुडघे धड असलेला. त्यानं घेतला असता?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्याला बरं वाटेल असं उत्तर द्यायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं आणि तो चेंडू परत एकदा डोळ्यांपुढे आणला.

"नाही," मी म्हणाले. "त्याचा हात चेंडूला लागलाही नसता. तुमचा लागला."

बिल उठून उभा राहिला होता, त्याच्या रिकाम्या खुर्चीवर वॉल्ट बसला.

"तो चेंडू गेल्यापासून मी हेच डोक्यात घेऊन फिरतोय," तो म्हणाला. "शेवटच्या माणसाला टाकत होतो तेव्हाही हेच होतं. वाटत होतं, हातातला चेंडू होता आणि मी म्हातारा झालो म्हणून गेला."

"लोकांना काय करायचंय त्याच्याशी," हेंड्रिक्स म्हणाले. "तू एक शब्द बोल, आणि नो-हिटर तुझ्या नावावर होईल. कायमचा."

"कुठला शब्द? मी सोपा चेंडू सोडला, हा?"

"कोणी तसं वाचणार नाही."

"मी वाचीन," वॉल्ट म्हणाला. "आणि नो-हिटर झाला नाही, लॉइड. मी तिथं होतो."

हेंड्रिक्स यांनी टोपी काढून हातात धरली आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली गर्दी तशीच होती. आता लोक टाळ्यांच्या ठेक्यावर पाय आपटत होते, त्याने आमच्या खोलीच्या फळ्या हादरत होत्या.

वॉल्टने बिलला विचारलं, "हे चालू आहे का?"

बिलने माइक त्याच्यापुढे सरकवला आणि खटका वर केला.

वॉल्टला बोलायची सवय नव्हती. त्याने माइक तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळे आधी नुसता त्याचा श्वास मैदानभर ऐकू आला. पाय आपटणं थांबलं.

"मी वॉल्ट ड्रेसलर," तो म्हणाला. "तो हिट होता. चेंडू उसळला. तुम्ही बसलात तिथून दिसत नाही, मला दिसलं." मग तो थांबला आणि माझ्याकडे वळून त्याने हलक्या आवाजात विचारलं, "तुमचं नाव कसं म्हणतात?"

"मगदूम."

"मिसेस मॅग्डमनी बरोबर लिहिलंय," तो माइकमध्ये म्हणाला. "मिसेस मॅग्डमनी उन्हाळाभर बरोबरच लिहिलं. माझ्या विरुद्ध असलं तेव्हाही. आता तुम्ही सगळे घरी जा. बायको जेवायला थांबली असेल."

खाली कुठेतरी कोणी हसलं. मग लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्या त्याच्यासाठी होत्या, माझ्यासाठी नव्हत्या आणि ते योग्यच होतं. त्या बराच वेळ चालल्या. वॉल्ट खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि त्याने एकदा हात वर केला. त्यानंतर तो वळला, टेबलाशी आला, माझ्या वहीत नवव्या पाळीच्या चौकोनात लिहिलेला एकचा आकडा त्याने वाकून नीट वाचला, मान हलवली आणि बर्फाची पिशवी घेऊन जिना उतरला. मी त्याला नंतर कधी भेटले नाही. पुढच्या वसंतात आम्ही शिकागोला गेलो.

मी कागद पूर्ण केला, बेरजा तपासल्या, सही केली आणि तो हेंड्रिक्स यांच्या हातात दिला. त्यांनी तो न वाचताच घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पार्डींना मी फोन करून सांगेन." काय सांगणार, ते बोलले नाहीत.

मी खाली आले तेव्हा बाक रिकामे होत आले होते. यजमान जिन्याच्या पायथ्याशी थांबले होते.

"तुमचा फोरमन काय म्हणाला?" मी विचारलं.

"आधी काही बोलला नाही. वॉल्टचं ऐकल्यावर म्हणाला, तुझ्या बायकोचे डोळे चांगले आहेत." ते हसले नाहीत, पण त्यांनी माझ्या हातातली वही स्वतःकडे घेतली. एरवी ती मीच न्यायची. "हुंकार सुरू झाला तेव्हा आक्का उठून उभी राहिली. खाली बस म्हटलं तर बसेना. म्हणाली, पोरगी वर एकटी हाय."

आक्का अजून बाकापाशी उभ्याच होत्या. चादरीची त्यांनी घडी घातली होती आणि ती छातीशी धरली होती. मी जवळ गेल्यावर त्यांनी आधी मला खालून वरपर्यंत बघून घेतलं.

"शालन, काय झालं गं? लोक तुझ्यावर खवळलं हुतं ना?"

"हो, आक्का. थोडा वेळ."

"आन् मग त्यो बाबा कर्ण्यावर बोलला. मॅगडम, मॅगडम करत हुता. दोन बारी म्हणाला. ते आपलंच नाव हुतं न्हवं?"

"आपलंच."

"काय चुकलं का तुझ्या हातनं?"

"नाही. मी बरोबर लिहिलं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं."

मैदानावर नजर टाकून आक्कांनी चार हजार माणसांच्या रिकाम्या झालेल्या जागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या. मामंजींना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते जन्मभर हरिपूरच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या गल्लीपलीकडे त्यांचं नाव कोणी घेतलेलं मला आठवत नाही.

"एवढ्या माणसांत," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी चादर मुलाच्या हातात दिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझा हात धरून, पण माझ्या आधाराशिवाय, गाडीकडे चालायला लागल्या. फाटकाशी अजून दहा-बारा जण रेंगाळत उभे होते, मघाशी खिडकीकडे तोंड करून उभे असलेल्यांपैकीच. आम्ही जवळ येताच ते बाजूला झाले आणि त्यांतल्या दोघांनी टोप्या काढल्या. आक्का मान खाली न घालता त्यांच्यामधून गेल्या.